एका हातासाठी झाशीपर्यंत

जानेवारीत भारतात जायचं तर शहाणी माणसं गोवा गाठतात, केरळ गाठतात, फार तर राजस्थानात उंटावर बसून फोटो काढतात. मी कॅनडाहून निघालो आणि ऐन धुक्यात झाशीला गेलो, एका खो-खो मंडळाच्या वार्षिक सभेत हात वर करायला. असल्या सहलीची स्वप्नं कुणाला पडत असतील तर त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी खुशाल गोव्याचे ब्लॉग वाचावेत.

निमित्त झालं भालेरावजींच्या फोनचं. भालेरावजी म्हणजे झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाचे सचिव. मैदानाला पाणी मारणारे, चुन्याच्या रेघा ओढणारे आणि शिट्टी वाजवणारेही तेच, कारण दुसरं कुणी येतच नाही. मी रेल्वे कॉलनीत वाढलो आणि त्यांच्याच हाताखाली खो-खो शिकलो. फोनवर म्हणाले, "रजनीला सभासद करून घ्यायचा ठराव आणतोय. पाच घरं आपल्याकडे, पाच उलटी. एकच हात कमी पडतोय रे. तुझ्या बाबांचं कार्ड तुझ्या नावावर झालेलं आहे ना?"

रजनी सतरा वर्षांची. मैदानाच्या फाटकाशी तिच्या वडिलांचं सायकल-दुरुस्तीचं दुकान आहे. मंडळी मूळची मऊरानीपूरकडची, घरात बुंदेली. सहा वर्षं ती आमच्या मैदानावर रोज खेळते, कारण सरावाला मराठी मुलं पुरत नाहीत. आता जिल्ह्याच्या निवड-चाचणीला जायचं तर नोंदणीकृत मंडळाचं पत्र हवं. पत्र मिळतं फक्त सभासदाला, आणि सभासद होता येतं फक्त मराठी घरातल्या माणसाला. वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. मैदान झाडायला चालते, सरावाला चालते, पत्र मागितलं की मात्र तिचं घर कुठलं ते आठवतं. मी फोनवरच संतापलो आणि त्याच रात्री तिकीट काढलं.

माझ्या संतापाला आणखी एक कारण होतं. मी राहतो ते गाव सुपीरियर सरोवराच्या काठी आहे. शंभरेक वर्षांपूर्वी फिनलंडहून आलेल्या लाकूडतोड्यांनी आणि खाणकामगारांनी तिथे आपले क्रीडा क्लब काढले. कुस्ती, कवायती, बर्फावरची स्कीची दौड आणि नंतर सौनात, म्हणजे तापवलेल्या लाकडी खोलीत बसून घाम काढणं. माझा शेजारी आयनो त्यांच्यातलाच, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. त्यानं मला सांगितलं होतं की पूर्वी चर्चला जाणाऱ्या फिनिश लोकांचा क्लब वेगळा आणि कामगार चळवळीतल्यांचा वेगळा. मूठभर माणसं, पण सभागृहं दोन, सौना दोन, आणि एकाच जंगलात स्कीच्या वाटासुद्धा दोन. एकाच्या वाटेवर दुसरा पाय ठेवत नसे. पुढे पोरं हॉकी खेळायला लागली, दोन्ही सभागृहं ओस पडली, तेव्हा कुठे अक्कल आली आणि क्लब एक झाला. आता तर ते कुणालाही घेतात. मलाही घेतलं. आठ वर्षांपूर्वी मी अर्ज दिला तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, शनिवारची कॉफी तुम्ही कराल का? मी अजून दर हिवाळ्यात स्कीवरून पडतो आणि ते अजून मला वेलदोड्याचा गोड पाव खाऊ घालतात.

त्या दोन वाटांवरून मी आयनोची इतकी वर्षं टर उडवत आलो. निघताना त्यानं विचारलं, "तुमच्या लोकांत असलं काही नव्हतं?" मी म्हटलं, आहे ना, तेच निस्तरायला चाललोय.

आता कामाचं. दिल्लीहून झाशीला सकाळची जलद गाडी सर्वांत बरी, साडेचार-पाच तासांत पोचते. हे छापील वेळापत्रक. जानेवारीत धुकं असतं, तेव्हा गाडी कधी पोचेल हे गार्डलाही ठाऊक नसतं. आमची चार तास उशिरा पोचली. नाश्त्याचं कटलेट दोनदा गरम करून दोनदा थंड झालं. ग्वाल्हेरला गजक, म्हणजे तीळगुळाची कडक मिठाई घ्या, पण फलाटावरची नको, बाहेरची घ्या. मी फलाटावरची घेतली आणि दाताची कॅप हलली. झाशी स्टेशनचं नाव आता बदललंय. पाटी लांबलचक आहे, हमाल मात्र अजून झाशीच म्हणतात. स्टेशनपासून सीपरी बाजारला रिक्षावाले दोनशे मागतात, ऐंशीत येतात.

"भैया, पैले किलो देखहौ के सीधे घरे चलें?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"किल्ला लहानपणी रोज बघितलाय," मी हिंदीत म्हटलं.

"हओ, तो फिर घरे चलो," तो म्हणाला, आणि मला घरी सोडण्याआधी त्यानं एका साडीच्या दुकानासमोर रिक्षा थांबवलीच.

उतरलो बापूकाकांकडे. बापूकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, वय चौऱ्याऐंशी, रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त. काकूंनी दारातच तुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "पहिले स्वेटर घाल, मग बोल. तिकडच्या थंडीची फुशारकी इथे नको." खरंच आहे. बाहेर उणे वीस असताना आत उबदार घरं बांधणाऱ्या देशातून मी आलो होतो. झाशीत आत आणि बाहेर सारखंच गारठतं. रात्री भरली वांगी, वर हिरवे वाटाणे वाटून केलेला निमोना, आणि बाजूला पोळीऐवजी कढईतून निघालेल्या पुऱ्या. काकूंच्या स्वयंपाकात दोन्ही प्रांत कधीच भांडत नाहीत, भांडणं सगळी बाहेरच्या खोलीत होतात.

दुसऱ्या दिवशी छावणीतून फिरून आलो. रस्ते स्वच्छ, झाडं चुन्यानं रंगवलेली, आणि कुठे उभं राहिलं की कुणीतरी पुढे जायला सांगतं. मग लक्ष्मी गेटच्या आत गेलो, जिथे आमच्यातले शहरवाले राहतात. हा फरक बाहेरच्यांना समजावून सांगावा लागतो. शहरवाले म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी कारभारी नाहीतर पुरोहित म्हणून आलेल्यांचे वंशज. आता बँकेत नाहीतर शिक्षण खात्यात कारकुनी करतात, पण बोलताना हनुवटी वरच असते. आमच्यासारखे रेल्वेवाले त्यांना बदलीचे लोक वाटतात, आज झाशी, उद्या बीना. आणि आम्ही त्यांना म्हणतो, जहागीर गेली, पीळ राहिला. शहरभर मिळून मराठी घरं उरली असतील पंधरा-वीस. तरी हळदीकुंकवं दोन, गणपती दोन, आणि दर संक्रांतीच्या रविवारी शहर विरुद्ध रेल्वे असा खो-खोचा सामना. आयनोच्या दोन वाटा मला इथे लख्ख दिसल्या, आणि मी मनातल्या मनात त्याच्यावर पुन्हा हसलो.

रविवारी सामना. आधी तिळगूळ वाटला, एकमेकांना गोड बोलायला सांगितलं आणि मग पहिल्या दहा मिनिटांत तीन भांडणं झाली. नऊ-नऊ खेळाडू हवेत. शहराकडे आठ जमले, म्हणून त्यांनी एका जावयाला बसवला, जो इंदूरहून पतंग उडवायला आला होता. आमच्याकडे सात. आठवा मी, वय त्रेपन्न. नववे वर्कशॉपातले एक निवृत्त फोरमन, गुडघ्याला पट्टा. त्यांना खो मिळाला की ते आधी एक हात जमिनीवर टेकत, मग दुसरा, मग देवाचं नाव घेत, तोवर धावणारा पलीकडे जाऊन पाणी पिऊन येई. मी स्वतः पहिल्याच फेरीत दिशा बदलून फाऊल केला. पलीकडून शहरवाल्यांची पोरं हिंदीत हुर्यो करत होती, कारण मराठीत हुर्यो करता येईल इतकं मराठी एकालाही येत नाही.

आणि रजनी? ती रेघेबाहेर पाटीवर गुण लिहीत बसली होती. सामना मराठी घरांचाच, असा नियम.

मध्यंतरानंतर फोरमनना दम लागला तेव्हा भालेरावजींनी तिला नुसतं पाचेक मिनिटं उतरवलं, दाखवण्यापुरतं. ती चौकोनातून उठली, खांबाला एका हातानं वळसा घातला आणि पलीकडच्या जावयाला जमिनीला समांतर झेपावून गाठलं. असा सूर मी त्या मैदानावर कधी कुणाला मारताना पाहिला नव्हता, आमच्या ऐन भरातसुद्धा.

"मोजू नका हं हा," शहरवाल्यांतून आवाज आला. तोवर पाटीवर लिहिला गेलेला गुण रजनीनंच जाऊन बोटानं पुसला.

जेवणं झाल्यावर मैदानावरच्या पत्र्याच्या खोलीत सभा भरली. मंडळाची एक जुनी रीत आहे, एक घर, एक हात. घरातल्या सर्वांत थोरल्यानं हात वर करायचा. रेल्वेवाल्यांचे भाऊ-भाऊ मिळून सभा ताब्यात घेतील या भीतीनं शहरवाल्यांनी ती कधीतरी आणली. घर म्हणजे चूल. चूल वेगळी तर घर वेगळं. माझ्या आईची चूल काकांच्या घरापासून वेगळी झाली ती मी शाळेत असताना, आणि बाबांनी तेव्हा बेचाळीस नंबरचं आजीव सभासदत्व वेगळं घेतलं. ते कार्ड शर्टच्या खिशात घालून मी सरोवराच्या काठावरून इथवर आलो होतो.

चर्चा काय सांगावी. एक जण म्हणाला, आज एक येईल, उद्या सगळा मोहल्ला येईल. दुसऱ्याला मंडळाच्या संस्कृतीची काळजी, ती त्यानं शुद्ध हिंदीत मांडली. बापूकाका म्हणाले, "पोरगी चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण नियम म्हणजे नियम. भालेरावजी, नियम आपणच मोडला तर उरलं काय आपल्याजवळ?" उरलंय काय हे खोलीकडे बघूनच कळत होतं, दहा सतरंज्या आणि एक गंजलेलं कपाट.

हात मोजले. पाच बाजूनं, पाच विरुद्ध. विरुद्धच्या पाचांत बापूकाका. बरोबरी झाली तर जुना नियम कायम.

भालेरावजी माझ्याकडे वळले. "तुमची चूल वेगळी आहे जी. बेचाळीस नंबर. हात सांगा."

बापूकाका माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तो माझ्या घरी जेवतोय. एकच घर."

मला एवढंच म्हणायचं होतं, नाही, चूल वेगळी आहे, आईनं केली तेव्हापासून वेगळी आहे. पण त्या वेगळ्या चुलीवरून दोघे भाऊ शेवटपर्यंत नीट बोलले नाहीत. बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला हेच काका पहिले आले होते आणि माझी बारावी त्यांच्याच ओसरीत बसून झाली होती. चौऱ्याऐंशीच्या माणसाला भर सभेत ते पुन्हा ऐकवायचं? ही सगळी कारणं मला तेव्हा फार थोर वाटली.

"काका म्हणतात तसं," मी म्हटलं.

भालेरावजींनी वहीत पाच-पाच लिहिलं आणि वही मिटली. माझ्याशी ते त्या दिवशी परत बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर रजनी एकटी सराव करत होती. मी निरोप घ्यायला गेलो, का गेलो कुणास ठाऊक.

"अंकल, पाँच-पाँच हो गए थे ना?" तिनं विचारलं. "आपने तो हाथ उठाओ हुइए?"

"बहुत कोशिश की, बेटा," मी म्हणालो.

"हओ, भालेराव सर बता रए थे, आप हमारे लाने इत्ती दूर से आए." तिनं वाकून पायाला हात लावला आणि पुन्हा खांबाकडे गेली. मी रिक्षा मिळेपर्यंत तिच्या वडिलांच्या दुकानाकडे पाठ करून उभा राहिलो.

झाशीला जाणाऱ्यांनी ओरछा जरूर बघावं, अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे आणि बेतवेच्या काठी संध्याकाळ सुरेख होते म्हणतात. मी बघितलं नाही. गाडी परत जाताना वेळेवर सुटली.

घरी पोचल्यावर आठवड्यानं भालेरावजींचा निरोप आला. एकच ओळ, चाचणी झाली, रजनी घरी होती. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नाही, हे मला माहीतच होतं, त्यांनी ते लिहिलं नाही. या लेखात मी शहरवाल्यांना हसलो, फोरमनच्या गुडघ्यांना हसलो, संस्कृतीवाल्याच्या हिंदीला हसलो. त्यांनी निदान जे मनात होतं त्यालाच हात वर केला.

गेल्या शनिवारी आमच्या फिनिश क्लबाची वार्षिक सभा झाली. फिलिपिन्सहून नुकत्याच आलेल्या एका कुटुंबाला सभासद करून घ्यायचं होतं. कॉफी मीच केली होती. आयनोनं विचारलं, बाजूनं कोण? सगळ्यांत आधी माझा हात वर गेला, ताठ, खांद्यापासून. इथे माझे काका नव्हते.