उतरवता येणारा तवा

"आधी तवा दाखवा."

घरात पाऊल टाकलं की ते पहिल्यांदा हेच म्हणत. बसा, चहा घ्या, यातलं काही त्यांच्या कानात शिरत नसे. तवा हातात आला की त्यावर उजव्या हाताची वीत ठेवून माप घेत, तो उलटा करून बुडाची काजळी पाहत, आणि मग विचारत, "रोटी कोण भाजतं? बसून की उभ्यानं?"

मॉरिशसमधल्या सांत्र द फ्लाक गावाच्या बाजारामागे लोखंडी सामानाचं एक दुकान होतं. तिथे ते गॅसच्या चुली विकत आणि घरी येऊन बसवूनही देत. सत्तरचं दशक संपत आलं होतं. उसाच्या मळ्यांमधल्या आमच्या गावांत लाकडाच्या चुली एकेक करून विझत होत्या. तुम्ही त्या वेळी आमच्या बाजूला राहत असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. खाकी शर्ट, सायकलच्या मागे पत्र्याची पेटी, पेटीवर कागदात गुंडाळलेला पाव. कुणी कितीही आग्रह केला तरी ते कुणाकडे रोटी खात नसत. "पाव आहे ना," म्हणून पेटीवर थोपटत.

एका वर्षी दुकानात नव्या तऱ्हेची चूल आली. चार बर्नर, आणि मधोमध जडवलेला लांबरुंद लोखंडी तवा. तो चुलीलाच चार स्क्रूंनी पक्का केलेला. लोक ती चूल नुसती बघायला येत. आणि हे गृहस्थ बघणाऱ्याला घ्यायला लावायचं सोडून उलटतपासणी करत. घरात माणसं किती? रोट्या रोज की रविवारी? मोठ्या घराला ते लगेच हो म्हणत. एका घरात अकरा माणसं होती, तिथे तर म्हणाले, "घ्या, चार रोट्या एकदम भाजतील, सुनेचा जीव वाचेल." छोट्या घराला मात्र सांगत, "एवढं लोखंड तापायलाच गॅस जाईल. शिवाय हा तवा उचलता येत नाही, तिरका धरता येत नाही, धुवायला मोरीवर नेता येत नाही. तुमचाच तवा ठेवा."

मालक एकदा माझ्यादेखत चिडला. "तू माझा माणूस की गिऱ्हाइकाचा?"

"पात्रों," ते मालकाला शांतपणे म्हणाले, "चूल परत आली तर उचलायची मलाच आहे."

मी त्या वेळी नुकताच नोकरीला लागलो होतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी पदवी घेतली नव्हती. वडील उसात राबून लवकर गेले. आईने मला शिकवलं ते धुरात बसून. तिचे डोळे कायम लाल असत. पहिल्या पगारातून आईला धुरातून बाहेर काढायचं, आणि तेही साध्या चुलीने नव्हे, त्या मोठ्या चुलीने, असं मी ठरवलं होतं. कचेरीत सांगूनही टाकलं होतं.

ते घरी आले. तवा पाहिला. तो माझ्या आजीचा, मधे खोलगट झालेला. मग आईला म्हणाले, "मावशी, एक रोटी भाजून दाखवा."

आई चुलीपुढे पाटावर बसली. पदराच्या टोकाने तवा उचलून तिने तो जरा तिरका केला, रोटी निखाऱ्यावर टाकली, ती टम्म फुगली. ते एकटक पाहत होते.

"मिस्ये," ते मला म्हणाले, म्हणजे साहेब, "ही चूल मावशींना नको. दोन माणसांचं घर. दोन बर्नरची घ्या, मी बुटका ओटा करून देतो, त्या बसून भाजतील. आणि नागपंचमीला काय करणार?"

आमच्याकडे नागपंचमीला तवा चुलीवर ठेवत नाहीत. चिरणं नाही, भाजणं नाही, फक्त उकडलेलं खायचं. हे मला माहीत होतं. मी हसलो.

"एक दिवस झाकून ठेवू."

"झाकला म्हणजे उतरला का?"

"तुम्ही विकायला आलात की शिकवायला?" मी म्हणालो. आज ते वाक्य आठवलं की मान खाली जाते.

त्यांनी आईकडे पाहिलं. "मावशी, तुम्हाला काय पाहिजे?"

आई म्हणाली, "पोरगा एवढ्या हौसेनं आणतोय."

त्यांनी चुलीच्या जागेचं माप घेतलं. दोन दिवसांनी चूल बसवून गेले. जाताना आईसाठी एक फळीचा पाट करून दिला, उभं राहायला, कारण ती बुटकी होती. जुनी चूल मी माझ्या हातांनी फोडली.

श्रावण आला. मॉरिशसचा श्रावण म्हणजे थंडी आणि ऊसतोडणी. आई आठवडाभर गप्प होती, आणि का ते मी विचारलं नाही. नागपंचमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दारात सायकलची घंटा वाजली. ते पाना घेऊन आत आले, चारही स्क्रू काढले आणि तो जड तवा भिंतीशी उभा करून ठेवला.

"आता पेटवा चूल," ते आईला म्हणाले. "परवा येतो लावायला."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. धूर नव्हता. तेव्हा मला कळलं की तवा वर असताना चूल पेटवायची नाही, आणि जुनी चूल तर राहिली नाही, म्हणून ती तो सबंध दिवस उपाशी काढायच्या तयारीत होती. मला न सांगता.

अशी सहा वर्षं ते येत राहिले. आदल्या दिवशी उतरवायचा, नागपंचमी झाली की दुसऱ्या दिवशी लावायचा. लावायला आले की आई हळदीच्या पानातल्या पातोळ्या पुढे ठेवी. त्या मात्र ते खात. उकडलेल्या असत म्हणून, हे मला फार उशिरा सुचलं. एकदा आईने विचारलं, "तुमच्या घरी कोण उतरवतं?"

"आमच्या घरी उतरलेलाच आहे," ते हसून म्हणाले.

आम्हीही हसलो.

सातव्या वर्षी ते आले नाहीत. आई दुपारपासून दाराकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "जा बघून ये. आजारी असेल."

त्यांचं घर पुढच्या गावात होतं, उसाच्या रस्त्याला. मुलीने दार उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर ती म्हणाली, "बा गेला. महिना झाला." आम्ही नात्यातले नव्हतो, कोण कळवणार?

तिने मला स्वयंपाकघरात बसवलं, आणि मी समोर पाहिलं. आमच्यासारखीच चूल, पण तिच्याहून जुनी. मधोमध चौकोनी भोक. तवा भिंतीशी उभा, फडक्यात गुंडाळलेला. चुलीच्या कडेला जिथे स्क्रू असायचे, तिथे छिन्नीचे घाव.

"आईसाठी आणला होता," ती म्हणाली. "आईनं मागितला नव्हता. बाच कुठूनतरी शोधून आणला, फार खूश होता. आई गेली त्या दिवशी बायका म्हणाल्या, घरात मयत आहे, तवा उतरवा. तेलानं, गंजानं स्क्रू धरले होते. बा दुसऱ्यांच्या चुली उघडायचा, पण घरचा तवा निघेना. आई बाहेरच्या खोलीत, सगळे बसलेले, आणि आतून छिन्नी-हातोड्याचा आवाज. किती वेळ! मी कानावर हात ठेवले होते. मग त्यानं तो परत लावलाच नाही. रोटीही कधी खाल्ली नाही. पावच खायचा."

मी घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. आईला सांगितलं. मी पाना शोधला, चुलीजवळ गेलो. पाना लागलाच नाही. स्क्रू बोटांनी फिरले. प्रत्येकाला तेल लावलेलं होतं, आणि एकही घट्ट केलेला नव्हता. मागच्या वर्षी नव्हता, आणि आता वाटतं, पहिल्या दिवशीही नसावा.

नागपंचमी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तवा उचलला तर आई म्हणाली, "नको लावू अजून."

"का?"

"उशिरा कळलं की तीन दिवस सुतक धरतात."

"ते नात्यातल्यांचं, आई."

"हो," ती म्हणाली, आणि पातेल्यात तांदूळ धुवायला घेतले.

तीन दिवस आमच्या घरी रोटी झाली नाही. चौथ्या दिवशी मी तवा बसवला. स्क्रूंना तेल लावलं, आणि बोटांनी फिरवले तेवढेच ठेवले.