चंपाक्का आणि अर्धलीची म्हैस

"ए पोरी, ते पाणी कुठं वततीस?"

चंपाक्काने मला उद्देशून काढलेले हे पहिले शब्द. कण्या धुतलेल्या पाण्याचं भांडं हातात घेऊन मी दारात उभी होते. सांगलीत येऊन मला जेमतेम महिना झाला होता. मला वाटलं, कुणाच्या अंगणात तर पाणी टाकत नाही ना मी?

"पाणी न्हवं ते," ती बादली पुढे करत म्हणाली, "अर्धा शेर दूध हाय. म्हशीच्या पोटातनं जाऊन यायचं तेवढं राह्यलंय."

पाणी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. मी म्हटलं, कशाबद्दल? तर म्हणाली, "पाण्याबद्दल. फुकट घेतलं की उद्या मागायला लाज वाटती."

माझं माहेर शिरवळच्या बाजूला. आई गेली तेव्हा मी चौथीत होते. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिले ती शाळेत परत गेलेच नाही. सोळाव्या वर्षी लग्न होऊन सांगलीत आले. नवरा हळदीच्या पेठेत हमाली करायचा. लढाई सुरू झाली, भरतीवाले आले आणि हेही पलटणीत गेले. घरात दम्यानं अंथरुणाला खिळलेली सासू आणि मी. मनीऑर्डर कधी महिन्याला यायची, कधी तीन महिन्यांनी. सासूला सोडून रोजगाराला जाता येत नव्हतं. माहेर इतकं लांब की तिकडून पत्र यायला आठवडा लागायचा, आणि आलं तरी त्यात 'आम्ही ठीक' याच्यापलीकडे काही नसायचं.

चंपाक्का आमच्यापासून तीन घरं सोडून राहायची. जैन शेतकऱ्याची विधवा. उंच, वाळलेली, लुगड्याला लुगड्याचंच ठिगळ. दिरांनी जमीन स्वतःकडे ठेवून तिला एक छपरी दिली होती. त्याबद्दल ती कधी रडली नाही. "मी कुणाच्या हजेरीला न्हाई," असं मात्र अभिमानानं सांगायची. तिला नोकरी नव्हती, पगार नव्हता, आणि तरी तिची चूल कधी थंड नसायची. "एकच झरा असला की उन्हाळ्यात घागर मोकळी," ती म्हणे. "चार ठिकाणी वल पायजे गं. थोडी थोडी का हुईना."

सूर्य मावळायच्या आत ती जेवून मोकळी व्हायची. रॉकेलची टंचाई होती. बाकी सगळे चिमणी मिणमिणती करून जेवत. ही हसून म्हणायची, "आमचा धर्म कसा हाय बघ. पुण्य बी लागतंय आन् त्याल बी वाचतंय."

माझी पहिली 'वल', म्हणजे कमाईची ओल, तिनंच शोधून दिली. पेठेतले व्यापारी चिंच फोडायला देत. मजुरीचे पैसे नाहीत. चिंच त्यांची, चिंचोके आपले. सासूच्या उशाशी बसून मी दिवसभर चिंच फोडायचे. आठ दिवसांनी चिंचोके गोणीत भरून चंपाक्का मला घोंगडी विणणाऱ्यांच्या आळीत घेऊन गेली. घोंगड्याला खळ लागते आणि खळीला चिंचोके. त्या दिवशी पदरात पडलेले पैसे मी घरी येईपर्यंत मुठीतून सोडले नाहीत.

दुसरी 'वल' माझ्या चौथीच्या शिक्षणातून निघाली. आळीतल्या कितीतरी घरांतली माणसं पलटणीत होती आणि पत्रं वाचायला कुणी नव्हतं. बायका पत्र घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. मला वाटलं, आणा दोन आणे मागावेत. चंपाक्कानं डोळे वटारले.

"दुःखाचं पत्र आलं तर त्याचं बी पैसे घेणार व्हय? पैसे मागू नगंस. श्याण माग."

"शेण?"

"ज्यांच्या दारात जनावर हाय त्यांना म्हणावं, रोज पाटीभर श्याण न्हिऊ द्या. त्यांना लाज न्हाई, तुला पाप न्हाई."

तर अशा रीतीनं मी पत्रं वाचून शेण मिळवलं आणि शेण्या थापून विकल्या. सासू आतून म्हणायची, "मास्तरीण झाली गं आमची सून, शेणाची!" पण शेण्या वाळल्या का, हे दिवसातून चारदा विचारायचीही तीच.

जमलेले पैसे मी उतरंडीच्या तळच्या मडक्यात ठेवायचे आणि रात्रंदिवस काळजी करायचे. चंपाक्काला ते कळलं तशी ती म्हणाली, "रोकडीला पाय असत्यात. जनावराला बी असत्यात, पर ते दिवस मावळताना घरी येतंय." शेळ्या-कोंबड्यांना ती हात लावत नसे, शेवट कुठे होतो ते ठाऊक म्हणून. म्हशीवर मात्र तिचा फार जीव.

तिनं कवठे महांकाळकडच्या एका शेतकऱ्याला गाठलं. तात्या म्हणत त्यांना. त्यांच्याकडे कोरडवाहू रान, पाऊस हुकलेला, वैरण संपलेली. त्यांची दीड-दोन वर्षांची रेडी तिनं माझ्यासाठी अर्धलीनं मागून आणली. म्हणजे जनावर तात्यांचं, पाळायचं मी. ती व्याली की किंमत करायची आणि ती निम्मी निम्मी. त्यात एक रीत होती. पाळणाऱ्यानं किंमत बोलायची आणि मालकानं निवडायचं: त्या किमतीच्या निम्मे पैसे मोजून म्हैस न्यायची, की निम्मे पैसे घेऊन म्हैस सोडायची.

दोन वर्षं मी त्या रेडीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. ऊसतोड सुरू झाली की पहाटे फडात जाऊन उसाच्या शेंड्यांचं वाढं आणायचं, एरवी बांधाचं गवत कापायचं. तिला पाणी पाजताना मी तिच्याशीच बोलायचे; मनातलं सगळं दुसऱ्या कुणाला सांगणार? मग ती व्याली. रेडीच झाली. किंमत ठरेपर्यंत दूध दोघांचं, म्हणून चंपाक्कानं बजावलं होतं, घरात थेंब वापरायचा नाही. सगळं दूध हॉटेलात घालून तात्यांचा वाटा बाजूला ठेवत होते. घरात आम्ही सासू-सुना आपला काळा चहा पीत होतो.

तात्या दुपारी यायचे होते. मी सकाळपासून म्हैस घासून धुतली, तिच्या अंगाला तेल चोळलं, शिंगं काळीभोर केली, गळ्यात कवड्यांची माळ घातली. चंपाक्का आली आणि दारातच थबकली.

"अगं बया! पोरगी दावायची हाय व्हय आज?"

"चांगली दिसू दे म्हटलं."

"आन् किंमत काय बोलणार?"

"एकशे सत्तर." माझ्याकडे दोन वर्षांत साठलेले पंच्याऐंशी रुपये होते. त्याची दुप्पट.

चंपाक्का मटकन दगडावर बसली. "चकाकी सव्वादोनशेची, आन् बोलणार एकशे सत्तर? तात्या पंच्याऐंशी रुपयं टाकून तिला आत्ताच्या आत्ता सोडून न्हेतील. येडी का खुळी तू?"

इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी चुलीतली राख ओंजळीत घेतली आणि म्हशीच्या पाठीवर टाकायला निघाले. तिनं माझं मनगट धरलं.

"राहू दे. धुतलंस ते बेस केलंस. तिनं काय गुन्हा केलाय राख फासून घ्यायला?"

"मग लाथा मारती म्हणून सांगू?"

"खोटं बोलून म्हस ऱ्हाईल, पर रोज धार काढताना ते खोटं आठवंल. ऐक. किंमत म्हशीची बोल. तुझ्या मडक्याची न्हवं."

"आणि वरचे पैसे कुठून आणू?"

"ते फुडं बघू. आधी म्हस तर दावणीला ऱ्हाऊ दे."

तात्या आले. पटका बांधलेले, कमी बोलणारे. म्हशीभोवती दोनदा फिरले, कास पाहिली, दात पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बोल बाळ."

एकशे सत्तर हा आकडा ओठांवर आला. चंपाक्का दुसरीकडे पाहत होती. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "दोनशे वीस."

तात्यांनी एकदा म्हशीकडे पाहिलं. मग मोठ्यानं हसले. "आवं चंपाक्का, पोरगी तयार केलीसा की! माझ्या कनवटीला नव्वद हाईत. म्हटलं, घाबरून पावणेदोनशेच्या आत बोलंल, आन् म्हस घिऊन जाईन." त्यांनी पिशवीतून नवंकोरं दावं काढून आमच्या दारात टाकलं. "हे बी ठेव आता. मला काय करायचंय? एकशे दहा आण."

मी पंच्याऐंशी पुढे केले आणि मान खाली घातली. पंचवीस कमी होते. आता परत सगळं फिरणार असं वाटलं.

तेव्हा चंपाक्का बोलली. "तात्या, ऱ्हायलेल्या पंचविसाच्या बदली ही खालची रेडी तुमची. पर न्हिऊ नगा. तुमच्याकडं वैरण कुठाय? हिच्याकडंच ऱ्हाऊ दे, अर्धलीनं."

तात्यांनी रेडीच्या पाठीवरून हात फिरवला. "व्हय," एवढंच म्हणाले आणि पैसे कनवटीला लावून निघाले.

पुढे हे लढाईवरून सुखरूप परत आले. आमच्या दारात तीन म्हशी झाल्या, सासूबाईंनी नातू पाहिला. चंपाक्का एका उन्हाळ्यात चार दिवसांच्या तापानं गेली. तिच्या छपरीत रोकड काहीच निघाली नाही. निघाल्या त्या पाच घरांत अर्धलीनं दिलेल्या पाच म्हशी, आणि त्या पाचही घरच्या बायका तिला पोचवायला आलेल्या. त्यांच्याहून मोठ्यानं रडणारी मी होते. पण मला ती आठवते ती तात्या वळणाआड गेल्यानंतरची.

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मला हुंदका आवरेना. तिनं मला दंडाला धरून उभं केलं.

"आगं, धारंची येळ झाली. पान्हा काय तुझ्या रडण्यासाठी थांबणार हाय व्हय? बस खाली."

मी चरवी घेऊन बसले. पहिली धार चरवीच्या बाहेर गेली, दुसरी आत वाजली. तो आवाज ऐकून आतून सासूबाईंनी धापा टाकत विचारलं, "कुणाची झाली गं म्हस?"

"आपली, आत्याबाई."

मग त्या म्हणाल्या, "तर मग च्या दुधाचा कर आज. आन् चंपाला जाऊ दिऊ नगंस, तिला बी कपभर दे."