अक्काच्या चित्राला हार

आमच्या कलादालनाचे चिटणीस "बातमी अशी की" म्हटल्याशिवाय तोंडच उघडत नसत. चहा संपला तरी बातमी, दिवे गेले तरी बातमी. सत्तरच्या दशकाची अखेर होती. छप्पर गळायला लागलं म्हणून कोल्हापुरातलं ते दालन कित्येक वर्षं कुलूपबंद पडलं होतं. ते पुन्हा उघडायचं ठरलं आणि झाडलोटीला स्वयंसेवक हवेत म्हणून आम्ही कॉलेजातल्या पोरी, काही शिक्षिका आणि पेन्शनीतले दोघे-तिघे जमलो. छातीला बिल्ला लावून जळमटं काढायची. रविवारी चिटणीस जिन्यात उभे राहून बातम्या द्यायचे आणि आम्ही खाली केरसुण्या घेऊन ऐकायचो.

मला कलेचं काडीचं प्रेम नव्हतं. मला आईनं पाठवलं होतं.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, मी शाळेत असताना एका दुपारी दळण आणायला गेली ती परत आलीच नाही. दळलेल्या ज्वारीचा डबा गिरणीत तसाच होता. वडील तो घरी घेऊन आले. त्या पिठाची भाकरी कुणी थापली नाही आणि ते टाकूनही देववलं नाही. शेवटी त्याला कीड लागली. गल्लीत कुणी पंचगंगेचं नाव घेतलं, कुणी एका मुलाचं. आईनं दोन्ही धुडकावून लावलं. "ती हाय," एवढंच म्हणायची. दुसऱ्या कुणी अक्काबद्दल बोलताना 'होती' म्हटलं की आई उठून आत जायची.

अक्काचा एकही फोटो आमच्याकडं नव्हता. होतं ते एक चित्र. गल्लीतल्या म्हाताऱ्या चित्रकारानं तिला समोर बसवून काढलेलं. ते वारल्यावर चित्र दालनात गेलं आणि मागोमाग दालनाला कुलूप लागलं. दालन उघडणार म्हटल्यावर आई मला म्हणाली, "तिचं तोंड डोळ्याम्होरनं जाय लागलंय गं. नाक आठवतंय तर डोळं आठवत न्हाईत. जा, बघून ये चित्र हाय का."

मी गेले आणि पहिल्याच रविवारी चिटणीस म्हणाले, "बातमी अशी की ओलीनं बरीच चित्रं कामातून गेलीत. ती मागच्या खोलीत काढून ठेवलीत. लावायची नाहीत."

केरसुणी टाकून मी मागच्या खोलीत गेले. चित्रं भिंतीकडं तोंड करून उभी होती. एकेक वळवून पाहिलं. कुणाची हनुवटी बुरशीनं खाल्लेली, कुणाचं कपाळ फुगून पोपडा आलेला. अक्का त्यात नव्हती. खात्री करायला सगळी पुन्हा एकदा वळवून पाहिली.

ती सापडली मोठ्या दालनात, जुन्या धोतराच्या फडक्याखाली. फडकं ओढलं आणि अक्का माझ्याकडं बघत होती. खरं तर ती दाराकडं बघत होती आणि मी दाराच्या बाजूला उभी होते. एक वेणी सुटलेली, पाय खाली सोडून स्टुलावर बसलेली. वयानं मी तिच्यापुढं निघून गेले होते. माझी थोरली बहीण आता माझ्यापेक्षा लहान दिसत होती. शेजारी काम करणाऱ्या शिक्षिका माझ्याकडं आणि चित्राकडं पाहून म्हणाल्या, "अगं, ही तर तूच की." मला ते अजिबात आवडलं नाही.

चेहरा धड होता. खालची कड मात्र ओलीनं गेली होती. अक्काला पावलं नव्हती.

घरी आई दारातच बसली होती. "हाय का?"

"हाय," मी म्हटलं. पावलांचं बोलले नाही. त्यानंतर काम करताना मी अक्काच्या चित्राकडं पाठ करायचं टाळत असे. उगाच वाटायचं, वळून पाहिलं तर स्टूल रिकामं असेल.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशीची बातमी अशी की, सकाळी फुलं येतील, तसबिरींना हार घालून ठेवा. चिटणिसांच्या लेखी तसबिरी म्हणजे दारातले दिवंगत संस्थापकांचे फोटो. आमच्या बायकांच्या लेखी चौकटीत बसलेलं कुठलंही माणूस. फुलं भरपूर आली होती. मी आईला आणायला घरी गेले होते तेवढ्यात बायकांनी दालनातल्या एकूण एक चेहऱ्याला हार घालून टाकला.

आम्ही पोचलो तेव्हा एक वयस्क वस्ताद स्वतःच्या तरुणपणच्या चित्रापुढं उभे होते. "काय हो पावणं," ते चिटणिसांना म्हणाले, "मी अजून जित्ता हाय की." लोक पोट धरून हसत होते. चिटणिसांना ऐन वेळी एकही बातमी सुचेना.

मी हसले नाही. मला कळलं होतं आत काय असणार. आईचा हात सोडून मी पुढं धावले, पण गर्दी होती. मी पोचेपर्यंत आई माझ्या मागंच होती.

अक्काच्या गळ्यात निशिगंधाचा हार होता.

मी तो काढायला हात वर केला. आईनं माझं मनगट धरलं. ती आधी चेहऱ्याकडं बघत राहिली, पुष्कळ वेळ, तहानेलं माणूस पाणी पितं तशी. मग तिची नजर हारावरून खाली उतरली.

"पाय न्हाईत की गं तिला," ती म्हणाली.

"ओल लागली आई. नुसती ओल."

"मग यील कशी." आईनं माझं मनगट सोडलं. "राहू दे हार. शोभतोय तिला."

आम्ही घरी परतलो. दाराशी आल्यावर मी कडी काढली, पण आई आत येईना. लांबच्या नात्यातलं कुणी गेल्याचं उशिरा कळलं, तरी आमच्याकडं डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाहीत. आई परसात गेली, नेसत्या लुगड्यानिशी धुण्याच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "पाणी आण."

मी बादली आणली. तिच्या डोक्यावर तांब्या ओतला. तिनं मान खाली घातली होती.

"तू बी घे," ती म्हणाली. "भन हुती तुजी."