अकरा बंद घरं आणि एक उघडं

नलिनीने फॉर्मांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सर, हे गाव संपलं."

मी पानं उलटली. एकशे चार घरं. त्यांतल्या अकरा फॉर्मांवर एकच शब्द, 'बंद'. देशाबाहेर गेलेली माणसं, या रकान्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत रेघ.

"अकराही एकाच गल्लीत?"

"हो सर, मशिदीमागे. तीनदा गेलो, तीनदा कुलूप. नियमाप्रमाणे रद्द."

विद्यापीठाचा तो कार्यक्रम होता. देश सोडून जाणाऱ्यांचा अभ्यास करणारे आठ विद्यार्थी परभणीत मुक्कामाला होते आणि आसपासच्या गावांत घरोघर फॉर्म भरत होते. मी त्यांचा सुपरवायझर, परभणीचाच. दर दहा घरांमागे एक घर स्वतः पुन्हा विचारायचं, चूक लाल शाईने दुरुस्त करायची आणि सही करायची, हे माझं काम. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनला तीनेक वर्षं झाली होती. कोण कुठे गेलं हे गावोगाव सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

नलिनीचा नियम चुकला नव्हता. पण ज्यांना मोजायला आम्ही आलो होतो, नेमके तेच त्या नियमातून गळत होते. मला ते पटेना. तालुका कचेरीने दिलेली जीप घेऊन मी नलिनीबरोबर झरीच्या पुढच्या त्या गावी गेलो.

गल्लीच्या तोंडाशी बाबाराव नावाचा शेतकरी दावं वळत बसला होता. अकराही घरांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला होत्या.

"एवढे सगळे गेले कुठं?"

"पाव्हण्याकडं."

"अकराही घरं?"

"पाव्हणे लय हायेत त्यांचे, साहेब." मग त्याने जीपकडे पाहिलं. "कस्टोडियनवाले न्हवं ना तुमी?"

देश सोडून गेलेल्यांची घरं-जमिनी ताब्यात घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला कस्टोडियन म्हणत. मी म्हटलं, आम्ही विद्यापीठाचे. नावं आमच्याकडेच राहतील. छापतील ते फक्त आकडे.

"शब्द देता?"

"देतो."

दोन तास लागले. बाबारावने एकेका घराकडे बोट दाखवून सांगितलं. नऊ घरं कराचीला, दोन हैदराबादला. माणसं, वयं, गेल्याचा महिना. मी लिहीत गेलो. शेवटी त्याने शेजारच्या उघड्या घराकडे मान वळवली. तिथला फॉर्म नलिनीने आधीच भरला होता. बिबनबी, वय साठ, एकटी. मुलगा पाहुण्याकडे.

बिबनबी सुपात तूर पाखडत होती. "माय, मुलगा कुठं आहे?" मी विचारलं. तिने बाबारावकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

"कराचीला हाय बाबा. साल झालं. सात एकर त्याच्या नावावर हाय. बाबाराव पेरायलाय अन् मला दाणे आणून द्यायलाय. तुमी लिवलं तर जमीन जाईल न्हवं?"

"नाही जाणार, माय. कागद आमच्याजवळच राहतो."

मी 'पाहुण्याकडे' खोडून लाल शाईने 'कराची' लिहिलं. खाली सही केली. काम बरोबर झालं असं मला वाटलं.

परभणीला परतल्यावर कार्यक्रमाचे प्रमुख प्रोफेसरसाहेब बाराही फॉर्म पाहून खूश झाले. "उद्या दुपारपर्यंत नकला टाइप करून घ्या. एक प्रत तालुका कचेरीला जायची आहे."

"नावांसकट?"

"मग? जीप काय फुकट मिळते का हो?"

"साहेब, मी त्या लोकांना शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय. विद्यापीठाने नाही."

कस्टोडियनचं काम त्याच कचेरीतून चालायचं. मी नियमांची पुस्तिका काढली. माहिती घरातल्याच माणसाने दिलेली असावी, शेजाऱ्याची धरू नये, असं कलम तिच्यात होतं. अकरा घरांचं त्यावर भागलं. अकरा नवे फॉर्म घेतले, प्रत्येकावर 'बंद' लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं.

बारावा फॉर्म मात्र अडला. घर उघडं होतं. म्हातारीने स्वतः सांगितलं होतं, आणि तेही माझ्याच तपासणीत. पुस्तिका दोनदा चाळली. तिला वाचवणारं कलम सापडलं नाही. एकोणीस वर्षं नोकरी झाली होती. जाणूनबुजून एकही आकडा मी कधी चुकीचा लिहिला नव्हता, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

सकाळी नलिनी घरी आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सर, मी लिहिते. पहिलं अक्षर माझंच होतं."

"सही माझी लागते," मी म्हणालो, आणि कोऱ्या फॉर्मवर स्वतः लिहिलं. मुलगा पाहुण्याकडे, लवकरच परत येणार. तपासलं, बरोबर आहे. सही.

जुने बारा कागद मी अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातले. बायकोने विचारलं, "कसले हो कागद?"

"चुकीचे."

"मग तुमच्या हातचे नसणार," ती म्हणाली आणि बादली पुढे सरकवली.

दुपारी प्रोफेसरसाहेबांनी गठ्ठा चाळला. "कालची लाल शाई कुठे गेली?"

"तपासणीत टिकली नाही, साहेब."

त्यांनी बाराव्या फॉर्मवरची माझी सही पाहिली. मग गठ्ठा टायपिस्टकडे सरकवला. कचेरीला प्रत गेली. अहवाल वर्षभराने छापून आला. त्या गावापुढे देशाबाहेर गेलेली माणसं, शून्य. नलिनीने त्याच आकड्यांवर प्रबंध लिहिला. पहिला वर्ग मिळाल्याचं तिने पत्राने कळवलं. बाकी काही लिहिलं नव्हतं.

बाबाराव गेल्या साली झरीच्या बाजारात भेटला. म्हातारी आहे, सात एकर तिच्याकडेच आहे. मुलगा काही आला नाही.

आजही कोणाचा अहवाल हातात आला आणि एखाद्या गावापुढे शून्य दिसलं, की मी आकडा सोडतो आणि खाली सही कोणाची आहे ते पाहतो.