बाज कुणाच्या हातावर बसतो

मागच्या वेळचं तुम्ही विसरलाच असाल. डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारी माणसं तुम्ही! म्हणून पुन्हा सांगते: मला अक्षर येत नाही. मी बोलते, माझी लेक मंजू लिहिते.

तर २०१४च्या मे महिन्यात मी सिंगापूरला मुलाकडे गेले, क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये. सहा वर्षांच्या नातीनं, ईरानं, माझ्या मांडीवर यावं एवढ्यासाठी विमानात बसले. पण सुनेची आई, आमच्या विहीणबाई, दोन महिन्यांपासून तिथंच मांडी ठोकून! ईरा शाळेतून आली की मी वाटीभर शिरा द्यायची. ती खायची, तोंड पुसायची आणि विहीणबाईंकडे धूम. हाक मारली तर तिथल्या बोलीत, "लेटर लाह, आजी!" म्हणजे नंतर गं.

शनिवारी पक्षी उद्यानात गेलो. एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, बून ले स्टेशन. आठवं स्टेशन, मी बोटांवर मोजलं. पुढे बस. तिकीट महाग, तेव्हा सकाळीच पोचा. पाणी, छत्री न्या.

तिथं बाज पाहिला. रानातला शिकारी. केशरी डोळे, छातीवर तपकिरी पट्टे, पायात इवलं घुंगरू. पाळणाऱ्या बाईनं हातमोजा घातलेला हात उचलला की झाडांच्या दाटीतून, जमिनीलगत, थेट मुठीवर! "कोण येतं?" तिनं विचारलं, तर पहिला हात विहीणबाईंचा. घरात अंडं शिजू न देणारी बाई मोज्यावर कच्चं मांस घेऊन ऐटीत उभी! बाज आला. ईरा टाळ्या पिटत ओरडली, "वन्स मोर!" पुन्हा आला. माझ्या पोटात जो जाळ उठला, तसा झणझणीत मिसळीनंही उठत नाही.

मग माझी पाळी. हात वर केला. बाज फांदीवर पिसं साफ करत बसला.

"असू द्या हो, सगळ्यांच्याच हातावर थोडाच बसतो!" विहीणबाई म्हणाल्या.

पाळणारी बाई हसून काही बोलली. सुनेनं सांगितलं, "आई, त्याचं पोट भरलंय. रोज सकाळी वजन करतात त्याचं. भूक ठेवून, थोडंथोडं देत बोलवावं लागतं. पोटभर दिलं तर मालकिणीकडेही बघत नाही."

परतताना डोक्यात एकच: विहीणबाई ईराला शंकरपाळी देतात ती एकेक, गोष्ट सांगता सांगता.

सोमवारी शिरा केलाच नाही. लाडवाचा चिमूटभर तुकडा दिला, गोष्ट सुरू केली. तुकडा संपला, गोष्ट अर्धी. ईरा मांडीवर चढली. "देन, आजी?" मी निघेपर्यंत रोज आली.

घरी येऊन महिना झाला. उंच इमारती पुसट झाल्या, मांडीवरचं तिचं वजन तेवढं राहिलं. फोनवर मात्र ती पुन्हा विहीणबाईंच्याच मांडीवर दिसते, आणि माझं जळणं काही थांबत नाही. मंजू, तू पुढच्या आठवड्यात तिकडे निघालीस ना? मग लिही. ईराला पाच लाडू ने, माझं नाव सांगून रोज चतकोर दे. आणि विहीणबाईंसाठी मोठा डबा, काठोकाठ भरून. त्यांना म्हणावं, ईराला तुमच्याच हातानं पोटभर खाऊ घाला.