बूट घालून पाहिलेला हिमालय

टीव्हीवरची गाडी लागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या इमारतीतले वरचे काका. पडद्यावर एखादी जीप घाट चढायला लागली, की इकडे शिकागोत, माझ्या तळघरातल्या खोलीत सोफ्यावर बसलेल्या काकांचा चेहरा उतरायचा. मग कोटाच्या खिशातून आलेपाकाच्या दोन वड्या निघत. एक ते स्वतःच्या गालात धरत आणि दुसरी माझ्या हातावर ठेवत. "पुढं वळणं आहेत. आधीच घेतलेली बरी." शिकागोइतकं सपाट शहर मी पाहिलेलं नाही. तिथे चढ म्हणावा असा एकच, पार्किंगच्या इमारतीतला. पण त्या उन्हाळ्यात ओळीने पाच रविवार दुपारी चार वाजता आम्ही बारा-तेरा हजार फुटांवर असायचो.

डेव्हन ॲव्हेन्यूपासून दोन गल्ल्या सोडून ती विटांची तीन मजली इमारत होती. वर मिलिंददादा आणि वहिनी राहत. काका हे दादाचे वडील, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. तळघरात मी, जिंतूरहून इलेक्ट्रॉनिक्समध्ये मास्टर्स करायला आलेला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वहिनींनी वरून पाठवलेल्या आमटीच्या वाट्या मोजायला बसलो असतो, तर माझं शिक्षण राहून गेलं असतं. माझ्या खोलीतला टीव्ही लोकांनी रस्त्याच्या कडेला ठेवून दिलेला होता आणि व्हीसीआर कुणाच्या तरी गॅरेज सेलमधला. त्या व्हीसीआरवरचं हिरव्या आकड्यांचं घड्याळ मी भारताच्या वेळेवर लावून ठेवलं होतं. गावी माझे वडील, आबा, सकाळी साडेसातला शेजारच्या किराणा दुकानात फोनपाशी येऊन बसत. साडेदहा तासांचा हिशेब चुकून मी एकदा त्या दुकानदाराला पहाटे तीनला उठवलं होतं, तेव्हापासूनची ही व्यवस्था. काकांना ती फार पसंत पडली. "घरात एक तरी घड्याळ शहाणं असावं," ते म्हणाले.

वर दादाचं बेसबॉल चालू असे, म्हणून काका खाली येत. त्यांचं येणं म्हणजे निघणं असे. अंगात कोट, डोक्यावर माकडटोपी, गळ्यात पाण्याची बाटली, हातात रुमालात बांधलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी, आणि पायात करकचून नाड्या बांधलेले बूट. बाहेर जून महिना. पहिल्या रविवारी मी त्यांना बूट काढायला सांगितलं, तर ते माझ्याकडे बघतच राहिले. "आणि अनवाणी चालणार एवढं?" पुढच्या रविवारपासून मीही बूट घालू लागलो. सोफ्याचं डावं टोक ही खिडकीची जागा, ती त्यांची. कार्यक्रम अगदी साधा होता: लाल लोकरी टोपीतला एक गोरा माणूस हिमालयातल्या आतल्या खोऱ्यांतून जीपने हिंडतो आहे, त्याचे सहा भाग. मध्येच वाहिनीवाले प्रेक्षकांकडे वर्गणी मागायला लागले, की काका रुमाल सोडत. "दरड कोसळली. रस्ता मोकळा होईस्तोवर खाऊन घेऊ."

त्या लाल टोपीवाल्यावर त्यांचा एकच राग होता. तो नेमका नको तिथे उभा राहायचा. मागे सुंदर वळणाचा रस्ता असला, की हा त्याच्यापुढे उभा राहून वाऱ्याबद्दल बोलणार. काका सोफ्यावरून हात हलवत ओरडत, "बाजूला हो रे, बाजूला हो! मागं रस्ता आहे!" मग माझ्याकडे वळून म्हणत, "बघ, सगळं विचारतो. चहात मीठ का घालता, याकचं नाव काय. रस्ता कुणी केला, हे काही विचारत नाही."

कारण तिथला एक रस्ता काकांनी केला होता. तरुणपणी ते तीन वर्षं त्या डोंगरांत ओव्हरसियर होते. रोज जीपमधून जात आणि रोज त्यांना गाडी लागे. तिथेच एका नाल्यावर त्यांच्या देखरेखीखाली एक पूल झाला. त्याच्या कठड्याचं काँक्रीट ज्या दिवशी ओतलं, त्या दिवशी घरून पत्र आलं: मुलगा झाला, बारसं झालं, नाव मिलिंद ठेवलं. रजा मिळणं शक्य नव्हतं. काकांनी एक खिळा घेतला आणि ओल्या काँक्रीटवर ते नाव लिहिलं. "तेच माझं बारसं," ते मला म्हणाले. "मजुरांना गूळ वाटला." मुलाला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो रांगत होता.

दादाला ही गोष्ट लहानपणापासून पाठ होती आणि त्याचा तिच्यावर काडीचाही विश्वास नव्हता. "बाबांचा पूल दर वर्षी दहा फूट वाढतो यार," तो हसत म्हणायचा. "आता अमेरिकेपर्यंत येईल." तो वाईट मुळीच नव्हता. पण एकदा गाडी धुताना तो मला सहज म्हणाला, "बारशाला नव्हते ना, म्हणून स्टोरी बनवलीय. इट्स ओके." काका वर बाल्कनीत उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

पाचव्या भागाच्या शेवटी पुढच्या भागाची झलक दाखवली. एक वळण, एक बसक्या म्हशीसारखा खडक आणि पूल. दोन-तीन सेकंद, बस. काका उठून उभे राहिले. मग म्हणाले, "मिलिंदाला दाखवायचं."

नेमकी पुढच्या रविवारी दादाच्या मित्राची वास्तुशांत होती, दूर उपनगरात, आणि सगळ्यांनाच बोलावणं होतं. वरचा व्हीसीआर केव्हाच कचऱ्यात गेला होता. "तू टेप करशील?" काकांनी मला विचारलं. मी छाती फुगवली. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला हे काय विचारणं झालं! शनिवारी संध्याकाळी त्यांच्यादेखत मी कोरी कॅसेट घातली, रविवार, दुपारचे चार असा टायमर लावला आणि लाल दिवा पेटलेला त्यांना दाखवला. मी घरी थांबलो असतो, तरी चाललं असतं. पण वास्तुशांतीला पुरणपोळ्या होत्या, आणि मी वर्षभरात पुरणपोळी पाहिली नव्हती. मी चार खाल्ल्या. काका माझ्या शेजारी बसले होते. चार वाजले तेव्हा त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि माझ्या गुडघ्यावर हळूच थाप मारली.

परत आल्यावर ते सगळ्यांना खाली घेऊन आले. दादाला आणि वहिनींनाही बूट काढू दिले नाहीत. "बाबा, कार्पेट आहे त्याचं," दादा म्हणाला. "डोंगराला कसलं कार्पेट?" काकांनी खिडकीची जागा दादाला दिली, त्याच्या हातावर आलेपाक ठेवला आणि स्वतः मागे उभे राहिले.

मी कॅसेट लावली. पडद्यावर सात-आठ म्हातारी माणसं खुर्च्यांवर बसून हात वर-खाली करत होती. खुर्चीवर बसून करायचे व्यायाम. मी कॅसेट पुढे पळवली. ती माणसं भराभर हात हलवू लागली. शेवटपर्यंत व्यायामच. दादाला हसू आवरेना. "बाबा, यातला तुमचा पूल कुठला?"

माझी नजर हिरव्या आकड्यांवर गेली. भारतात सोमवारची सकाळ झाली होती. टायमरने भारतातले चार वाजल्याबरोबर इमानाने काम केलं होतं, म्हणजे शिकागोत पहाटे साडेपाचला, आम्ही सगळे झोपेत असताना. मी मान वर केली. काकाही त्या घड्याळाकडेच बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याआधी तेच बोलले.

"माझीच चूक. मीच त्याला वेळ चुकीची सांगितली."

"असू दे बाबा," दादा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "होतं असं. या वयात गोष्टी मिक्स होतात." त्या हाताला माया होती, आणि त्याच मायेने त्याने वेळेबरोबर पूलही खोडून टाकला. मी तोंड उघडायला हवं होतं. 'दादा, घड्याळ माझं चुकलं,' एवढंच म्हणायचं होतं. पण ज्यांच्या घरचं खातो त्यांच्यापुढे, शिकायला आलो त्याच विषयात उघडं पडायची मला लाज वाटली. काकांनी एक खुर्ची ओढली, बसले आणि पडद्यावरच्या म्हाताऱ्यांबरोबर हात वर-खाली करू लागले. वहिनी हसल्या, दादा हसला. मग मीही हसलो.

तीन आठवड्यांनी काका परत गेले. मी टीव्हीवाल्यांना पत्र लिहिलं, पण तो भाग पुन्हा काही लागला नाही. निघताना त्यांनी मला उरलेला आलेपाक दिला. "घड्याळ बदलू नकोस हं," एवढंच म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. दादाने ते मला जिन्यात सांगितलं. तेव्हाही मी त्याला काही सांगितलं नाही.

मग मला पश्चिम किनाऱ्याकडे, बेलव्ह्यूला, नोकरी लागली. चार वर्षांनी तिथल्या लायब्ररीत त्या सहा भागांची डीव्हीडी दिसली. मी ती घरी आणली, बूट घातले आणि खिडकीची जागा मोकळी ठेवून बसलो. सहाव्या भागात खडक आला, पूल आला. काका सांगत त्याहून तो आखूड होता. लाल टोपीवाला जीपमधून उतरला, त्याने कठड्यावर एक पाय ठेवला आणि तो वाऱ्याबद्दल बोलू लागला. बुटाच्या अलीकडे वेडीवाकडी अक्षरं होती: 'मिलिं'. पुढचं बुटाखाली.

दुसऱ्याच दिवशी मी एक नवी डीव्हीडी मागवून शिकागोला पाठवली आणि दादाला फोन केला. घड्याळाचं, टायमरचं, काका माझ्यासाठी खोटं बोलल्याचं, सगळं सांगितलं. "तेव्हा का नाही बोललास रे?" त्याने विचारलं.

पुढच्या रविवारी त्याचा फोन आला. "बघतोय," तो म्हणाला. "हिने बूट घालायला लावले." मला फोनमधून टीव्हीचा आवाज येत होता. वाऱ्याबद्दलचं इंग्रजीतलं तेच वाक्य, मग पुन्हा तेच, मग पुन्हा. दादा ते परत परत मागे नेत होता. आणि दर वेळी, मला नव्हे, पडद्याला, तो हलक्या आवाजात सांगत होता, "बाजूला हो रे, बाजूला हो."