लॅपटॉपचं कपाळ

माझ्या धाकट्या भावाचं वडगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कुणीतरी टाकून दिलेला एक लहानसा लॅपटॉप नीट करून त्यानं मला आणून दिला आणि मी हरखले. दहा वर्षांपूर्वी सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा मी शाळेतली नोकरी सोडली होती. पुढं ते गेले, मी मात्र घरातच राहिले. आता परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवायचं काम मिळण्यासारखं होतं. शुक्रवारी व्हिडिओवर मुलाखत होती. मला ते काम हवंच होतं. "बाई, मी सांगू?" असं कुणी विचारून फार वर्षं झाली होती.

"आक्का, ह्यात तुझी नेहमीची सिस्टीम बसत न्हाय, जीव लहान हाय त्याचा. लिनक्स टाकलंय. दोन दिवसांत सवय हुईल," भाऊ म्हणाला. त्याचं काय जातंय सांगायला!

त्यात सगळं होतं, पण जागेवर काही नव्हतं. खिडकी बंद करायची फुली डावीकडं गेलेली, आणि मी आपली उजव्या कोपऱ्यात टिचक्या मारत बसलेली. फाइल एकदा दाबली की उघडायची. मी सवयीनं दोनदा दाबायचे, मग एकीच्या दोन व्हायच्या. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मिठासाठी डब्यात हात घालायचे आणि बोटांना साखर लागायची, तसंच झालं. तेव्हा चिडायची सोय नव्हती. आता मी मनसोक्त चिडले आणि भावाला रोज फोनवर झाडलं.

सासूबाईंना मात्र लॅपटॉप पहिल्या दिवसापासून पसंत होता. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. "घरात नवी वस्तू आलीया," म्हणत आत्तींनी त्याला हळदकुंकू वाहिलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं. ते फूल कीबोर्डवरून उचलूनच मी पहिली खिडकी उघडली होती.

हळूहळू हात बसला. फुली आपसूक डावीकडं सापडायला लागली, मराठी टाइप होऊ लागलं. आता जमलं म्हणून गुरुवारी दुपारी कॅमेरा लावून बघितला, तर पडद्यावर लालसर काळोख.

"दुकानात तर झ्याक चालत हुता की," भाऊ म्हणाला. मग तो फोनवरून सांगत गेला आणि मी एका काळ्या खिडकीत एकेक अक्षर टाइप करत गेले. कॅमेरा ठीक आहे, असं उत्तर आलं. ठीक कसलं डोंबल! उद्या मुलाखत, आणि मी काळोखातून बोलणार होते. या सिस्टीमला मी त्या दिवशी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शुक्रवारी मुलाखतीला अर्धा तास उरला तरी काळोख हटला नव्हता. मी साडी नेसून त्याच्यापुढं बसले होते, भाऊ फोनच्या स्पीकरवर होता. तेवढ्यात देवपूजा आटोपून आत्ती आल्या. बोटावर ओलं कुंकू. माझ्या खांद्यावरून त्यांनी हात पुढं केला आणि पडद्याच्या वरच्या पट्टीवर, बरोबर मधोमध, बोट टेकवलं. होता नव्हता तो लालसरपणाही गेला, मिट्ट अंधार झाला.

ते कुंकू मी रोज बघत होते. पण आमच्या फ्रीजला कुंकू, मिक्सरला कुंकू, स्कूटरला कुंकू. यंत्रावर कुंकू दिसलं तर नजर तिथं थांबतच नाही.

"आवो आत्ती, तिथं डोळा हाय त्याचा!"

"आँ? मग कपाळ कुठं हाय?"

फोनमधून भावाचं हसणं फुटलं ते थांबेना. आत्ती जरा वाकून बघत राहिल्या. "म्हादेवागत कपाळात डोळा हाय म्हण की ह्याला," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच ओलं फडकं आणून रोजचे थर पुसायला लागल्या. पडद्यावर मी उगवले. घामाघूम, पण होते.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी थोडा वेळ शिकवून दाखवायला सांगितलं. मी 'घर' हा विषय घेतला. सुरुवातीला आवाज अडखळला. मग बाई लहान मुलासारखी मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायला लागल्या आणि मी वर्गात पोचले. दाराआड आत्ती उभ्या होत्या, त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. शेवटी बाई म्हणाल्या, "सोमवारपासून सुरू करूया. तिकडं संध्याकाळ असते, म्हणजे आपल्याकडं सकाळ."

सकाळ म्हटल्यावर मला आधी स्वयंपाकघर आठवलं. नवरा कागलच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जातो. त्याचा डबा, भाकऱ्या, सगळं सकाळीच. तरी मी हो म्हणून टाकलं आणि बाहेर आले.

"मिळालं?" आत्तींनी विचारलं.

"मिळालं. पण सकाळचं हाय."

"असू दे की. भाकरी मी बघती, त्याचा डबा बी भरती. तू शाळंत जा."

नोकरी सोड असं मला कुणी म्हटलं नव्हतं, आणि परत जा असंही कुणी म्हटलं नव्हतं. किती वर्षं मी हे ऐकायला थांबले होते ते मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या गळ्यात पडले. "सोड गं, भात लागतोय खाली," म्हणत त्या आत पळाल्या.

माझी शाळा म्हणजे स्वयंपाकघराला लागूनची खोली. तरी सोमवारी मी इस्त्रीची साडी नेसले, वेणी घातली आणि दारात थांबून म्हणाले, "आत्ती, येते."

त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सावकाश जा."